शेकडा कशाचा?

प्रश्न : बाई, दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचं लग्न आहे, म्हणून आषाढ सेलला खानापूरहून बेळगावला आले होते. एका दुकानात पाटी होती, '५० टक्के + २० टक्के सूट'. साडीची एमआरपी २,४०० रुपये. सत्तर टक्के गेले असं धरून मी ७२० रुपये काढून ठेवले. बिल आलं १,००८ चं! मागे रांग होती, बोलायची लाज वाटली, पैसे देऊन बाहेर पडले. मी फसले का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, लाज कसली? अशा पाटीपुढे शिकलेली माणसंही चुकतात. तुमच्या बिलात ९६० रुपये बरोबर आहेत. वरचे ४८ मला खटकतात.

आधी ९६० चं बघू. २,४०० वर ५० टक्के सूट, उरले १,२००. पुढची २० टक्के सूट या उरलेल्या १,२०० वर मिळते, मूळ २,४०० वर नाही. म्हणजे २४० कमी. एकूण सूट ६० टक्केच झाली. वीस आधी आणि पन्नास नंतर धरली तरी तेच : २,४०० चे १,९२०, त्याचे निम्मे ९६०.

आपल्याकडच्या कन्नड पाट्यांवर टक्क्याला 'शेकडा'च म्हणतात, नुसतं 'शे.' लिहितात. मी चौतीस वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवलं, तेव्हा मुलांना टक्क्याआधी हाच शब्द म्हणायला लावायची. शेकडा वीस म्हटलं की पुढचा प्रश्न आपसूक तोंडात येतो, कशाच्या शेकडा?

माझ्या आजोबांचं शहापुरात कापडाचं दुकान होतं. बायका पदर चिमटीत धरून पोत बघत असायच्या, तेवढ्यात ते आकडा सांगून मोकळे. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊणचे पाढे, तोंडपाठ! २५ टक्के सूट म्हणजे द्यायची पाऊणकी, ८४० च्या साडीचे ६३०. जिथे पाढा चालत नाही तिथे दहावा भाग काढायचा. १,२०० चा दहावा भाग १२०. २० टक्के सूट म्हणजे दहातले आठ भाग द्यायचे, एकशेवीस आठे नऊशे साठ. सूट किती मिळाली यापेक्षा हातातून किती जाणार ते काढत जा, वजाबाकी वाचते. आणि हो, 'दोनावर एक मोफत' म्हणजे तिनातला एक, जेमतेम ३३ टक्के, तेही तीन नग घेतलेत तर.

आता ते ४८. ९६० च्या शेकडा पाच, म्हणजे जीएसटी वेगळा लावलेला दिसतो. पण एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात. सूट दिलेल्या एमआरपीवर पुन्हा कर घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७ मध्ये सांगितलंय. तेव्हा जीएसटीच्या जागी व्हॅट हा कर होता, मुद्दा तोच.

साडीचा टॅग अजून टाकला नसेल तर बघा. त्यावर 'सर्व करांसहित' छापलेलं असेल तर टॅग आणि बिल घेऊन दुकानात जा आणि ४८ रुपये परत मागा. नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.