टूरवरचे अकरा महिने: वाचकांचे प्रश्न

महिला टेनिसच्या व्यावसायिक मोसमाबद्दल, म्हणजे जगभर फिरणाऱ्या स्पर्धांच्या ‘टूर’बद्दल, या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. क्रमवारी आणि वेळापत्रक यांवर सर्वांत जास्त विचारणा होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: आमची आवडती खेळाडू गेल्या आठवड्यात तीन सामने जिंकली, तरी क्रमवारीत खाली घसरली. असं कसं होतं?

क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांची बेरीज. गेल्या वर्षी एखाद्या स्पर्धेत मिळालेले गुण यंदा ती स्पर्धा झाली की उतरतात आणि नवे चढतात. समजा, १००० दर्जाच्या (म्हणजे विजेतीला १००० गुण देणाऱ्या) स्पर्धेत ती गेल्या वर्षी उपांत्य फेरीत पोहोचली होती, म्हणजे ३९० गुण. यंदा पहिल्या फेरीत बाय (न खेळताच पुढची चाल) मिळाला, पुढचे तीन सामने जिंकले आणि उपांत्यपूर्व फेरीत हार झाली, तर २१५ गुण. आठवडा चांगला जाऊनही हिशेबात १७५ गुण कमी झाले.

याचं सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनच्या एमा रादुकानूचं. २०२१ मध्ये ती १५०व्या क्रमांकावर असताना अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीत उतरली आणि सलग दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून विजेती झाली. विजेतेपदाचे २००० आणि पात्रता फेरीचे ४० असे २०४० गुण मिळाले. पुढच्या वर्षी ती तिथे पहिल्याच फेरीत हरली आणि ११व्या क्रमांकावरून थेट ८३व्या क्रमांकावर गेली.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२४च्या मोसमापासून एकेरीच्या क्रमवारीत १८ निकाल धरले जाऊ लागले. त्यांत चार ग्रँड स्लॅम (मेलबर्न, पॅरिस, विम्बल्डन आणि न्यूयॉर्क इथल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) आणि मोठ्या १००० स्पर्धांना ठरावीक जागा असते. पात्र असूनही अशी स्पर्धा खेळली नाही, तर त्या जागी शून्य बसतं आणि दुसरीकडचे गुण तिथे चालत नाहीत. २०२४ मध्ये ५०० दर्जाच्या सहा स्पर्धांची अट पूर्ण न झाल्यामुळे तेव्हा अव्वल असलेल्या पोलंडच्या इगा श्वियाँतेकचे १२० गुण कापले गेले. त्याच आठवड्यात, २१ ऑक्टोबरला, तिच्या जागी अरिना सबालेन्का अव्वल स्थानावर आली. शून्य कुठे पडू द्यायचं, हा निर्णयसुद्धा मोसमाच्या आखणीचाच भाग असतो.

प्रश्न: वर्षभराचं वेळापत्रक कशाच्या आधारावर ठरवतात? दमल्यावर सुट्टी घेता येत नाही का?

मोसमाची खरी अडचण इथेच आहे. ग्रँड स्लॅमची प्रवेशयादी साधारण सहा आठवडे आधी आणि टूरवरच्या इतर स्पर्धांची चार आठवडे आधी बंद होते. आपण किती सामने जिंकू, किती थकू हे कळायच्या आत नाव द्यावं लागतं. त्यामुळे वेळापत्रक स्पर्धांनुसार न आखता प्रदेश आणि कोर्ट यांच्या टप्प्यांनुसार आखतात.

पहिला टप्पा ऑस्ट्रेलियातला. डिसेंबरच्या अखेरीस तिथे पोहोचायचं, एक-दोन छोट्या स्पर्धा, मग मेलबर्न. फेब्रुवारीत दोहा आणि दुबई. मार्चमध्ये इंडियन वेल्स आणि मायामी, दोन्ही हार्ड कोर्टवर (सिमेंटसारख्या कडक पृष्ठभागावर), पण स्वभाव एकदम उलटे. इंडियन वेल्सच्या कोरड्या वाळवंटी हवेत चेंडू हवेतून झपकन जातो आणि खरखरीत कोर्टवर पडला की मंदावून उंच उसळतो. मायामीच्या दमट हवेत चेंडूची लव (वरचं लोकरी आवरण) फुगते आणि तो जड होतो. एका ठिकाणी जमलेली लय दुसऱ्या ठिकाणी तशीच चालेल असं धरणं, ही नवख्या खेळाडूंची नेहमीची चूक.

एप्रिलपासून क्ले, म्हणजे मातीची कोर्ट. चार्ल्सटनची हिरवी माती, स्टुटगार्टचं छताखालचं क्ले, माद्रिद, रोम आणि शेवटी पॅरिस. मग तीन आठवड्यांत गवताची तयारी करून विम्बल्डन. जुलैअखेर उत्तर अमेरिकेतली हार्ड कोर्ट, कॅनडा आणि सिनसिनाटीमार्गे न्यूयॉर्क. शरद ऋतूत बीजिंग आणि वुहान. पहिल्या आठ जणींसाठी नोव्हेंबरमधली टूर फायनल्स, जी २०२४पासून रियाधमध्ये होते आहे.

सलग तीन आठवडे खेळल्यावर निदान एक आठवडा स्पर्धेविना, हे बहुतेक प्रशिक्षक पाळू पाहतात. मोडतं कधी, तर लवकर हरल्यावर. पहिल्या फेरीत हार झाली की ‘सामने कमी पडताहेत’ असं वाटतं आणि राखून ठेवलेल्या विश्रांतीच्या आठवड्यात वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला खास प्रवेश) मागितलं जातं. त्या स्पर्धेत नेमकी ती अंतिम फेरीपर्यंत जाते आणि सोमवारी वेगळ्या खंडात, वेगळ्या कोर्टवर उभी राहते. पोटाचे आणि मांडीचे स्नायू अशाच वेळी ताणले जातात. आमचं मत स्पष्ट आहे: विश्रांतीचा आठवडा हीसुद्धा स्पर्धेइतकीच पक्की नोंद मानावी.

१००० दर्जाच्या बऱ्याच स्पर्धा आता बारा दिवसांच्या झाल्या आहेत. २०२५ मध्ये कॅनडा आणि सिनसिनाटीही त्यांत आल्या. दोन सामन्यांमध्ये एक दिवस मोकळा मिळतो हे खरं, पण तो हॉटेलातला मोकळा दिवस असतो. ताकदीच्या सरावाला सलग दहा-बारा दिवस हवेत, ते आता पूर्वीपेक्षा कमी हाती लागतात.

प्रश्न: १५०व्या क्रमांकाच्या खेळाडूला ग्रँड स्लॅममध्ये प्रवेश मिळतो का? तिचा खर्च भागतो का?

थेट नाही. मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यांतल्या साधारण १०४ क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर येतात. १५०व्या क्रमांकाची खेळाडू पात्रता फेरीत खेळते. तिथे तीन सामने जिंकावे लागतात. शेवटच्या पात्रता सामन्यात हरलेल्यांपैकी कुणी ‘लकी लूझर’ म्हणून आत येऊ शकते. त्यासाठी कोर्टच्या आसपास थांबून वेळेत सही करावी लागते. लगेच विमान पकडणाऱ्यांची ही संधी जाते.

पैशाचं गणित सगळं या उंबरठ्यावर आहे. २०२५ मध्ये मुख्य फेरीतला पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूला मेलबर्नमध्ये १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, पॅरिसमध्ये ७८,००० युरो, विम्बल्डनमध्ये ६६,००० पाउंड आणि न्यूयॉर्कमध्ये १,१०,००० अमेरिकी डॉलर मिळाले. चारही ठिकाणी मुख्य फेरीत असलेली खेळाडू प्रशिक्षक आणि फिजिओ बरोबर ठेवू शकते. १५०वी खेळाडू बहुधा एकालाच बरोबर नेते. रक्कम पाहताना हेही ध्यानात घ्यावं की ती करापूर्वीची असते. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे ३० टक्के आधीच कापून घेतले जातात.

प्रश्न: सामना चालू असताना रॅकेट बदलतात, तेव्हा नेमकं काय बदलतं? एकाच मॉडेलच्या सात-आठ रॅकेट कशाला?

बदलतो तो स्ट्रिंगचा, म्हणजे रॅकेटच्या जाळीतल्या तारांचा, ताण. बहुतेक जणी पॉलिएस्टर स्ट्रिंग वापरतात किंवा उभ्या आणि आडव्या ओळींत पॉलिएस्टर आणि नॅचरल गट (प्राण्यांच्या आतड्यापासून केलेली तार) यांची जोडी लावतात. पॉलिएस्टर चेंडूला फिरकी चांगली देतं, पण विणल्यापासून काही तासांतच सैल पडू लागतं. म्हणून सामन्याच्या रॅकेट आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी विणून घेतात. स्ट्रिंगरकडे द्यायच्या चिठ्ठीत उभ्या आणि आडव्या स्ट्रिंगचा ताण वेगवेगळा लिहायचा, आधी ताणून घ्यायची का ते लिहायचं आणि रॅकेट कोर्टवर कधी हवी ती वेळ टाकायची. स्पर्धा बदलली तरी शक्यतो एकाच स्ट्रिंगरकडून, एकाच मशीनवर काम करून घ्यावं. २४ किलोचा आकडा दोन मशीनवर हाताला वेगळा लागतो.

पिशवीतल्या रॅकेट वजनाने, तोलाने आणि फिरवताना जाणवणाऱ्या भाराने जुळवलेल्या असतात. कारखान्यातून आलेल्या एकाच मॉडेलमध्ये काही ग्रॅमचा फरक सापडतो. तो शिशाची पट्टी लावून भरून काढतात. ताण मात्र मुद्दाम वेगळा ठेवतात: चार रॅकेट नेहमीच्या, एक-दोन अर्धा किलो जास्त, एक अर्धा किलो कमी. ऊन चढलं आणि चेंडू लांब जायला लागला की जास्त ताणाची काढायची. संध्याकाळी गारवा आला आणि चेंडू नेटमध्ये अडकू लागला की कमी ताणाची. चेंडू पहिल्यांदा सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बदलतात, कारण सामन्याआधीचा सराव दोन गेमच्या बरोबरीचा धरलेला असतो. नवे चेंडू जास्त वेगाने निघतात, म्हणून अनेक जणी त्याच वेळी ताजी रॅकेट हातात घेतात.

माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो, तो लांब जातो आणि उसळतोही जास्त. तिथे ताण साधारण एक किलोपर्यंत वाढवतात. एकदम दोन-तीन किलो वाढवला तर चेंडू आवरतो खरा, पण कोपर आणि मनगट आठवड्याभरात कुरकुरायला लागतात, आणि रोमला गेल्यावर पुन्हा सगळं उलटं करावं लागतं.

चेंडूचा ब्रँडही ठिकाणाप्रमाणे बदलतो. मेलबर्नला डनलॉप, पॅरिस आणि न्यूयॉर्कला विल्सन, विम्बल्डनला स्लॅझेंजर. २०२२पर्यंत अमेरिकन ओपनमध्ये महिलांना पुरुषांपेक्षा हलक्या लवेचे चेंडू दिले जात. श्वियाँतेकसह काही खेळाडूंनी तक्रार केली आणि २०२३पासून दोघांना सारखे चेंडू मिळू लागले. हा बदल फार आधीच व्हायला हवा होता.

प्रश्न: मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. क्लेवरून गवतावर जाताना शरीरावर सर्वांत जास्त भार कुठे येतो?

नितंब, मांडीचा पुढचा भाग आणि कंबर. क्लेवर चेंडू खांद्यापर्यंत येतो आणि घसरत जाऊन फटका मारता येतो. गवतावर तो गुडघ्याच्या खाली राहतो, म्हणजे प्रत्येक फटका अर्ध्या बैठकीतून. विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटर ठेवतात. पहिल्या दिवसांत ते हिरवं आणि निसरडं असतं, दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनपाशी (कोर्टच्या मागच्या रेषेपाशी) घासून माती उघडी पडते. पहिल्या फेरीत घसरून पडणं आणि जांघेचा स्नायू ताणला जाणं यामुळेच जास्त दिसतं. क्लेवरची घसरण्याची सवय पायांत शिल्लक असते.

पहिले तीन दिवस दोन तासांचा सलग सराव टाळावा. सकाळ-संध्याकाळ ४५ मिनिटं पुरेत. सर्व्हिस निम्म्या जोराने, लांब धाव घेऊन थांबण्याचे फटके शेवटी. पावलं लहान आणि जास्त. बूट बारीक रबरी दाण्यांच्या तळाचे, पण स्पर्धेआधी दोन-तीन सत्रं वापरून रुळवलेले.

मासिक पाळीची नोंद भाराच्या नोंदीबरोबर एकाच तक्त्यात ठेवायला लावा. २०२२च्या फ्रेंच ओपनमध्ये चेंग छिन्वेनने श्वियाँतेककडून पहिला सेट घेतला आणि मग पोटातल्या कळांनी तिचा खेळ कोसळला. तिने हे उघडपणे सांगितलं, हे फार बरं झालं. पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर तो ताणाचा क्षुल्लक परिणाम मानू नये. खाणं शरीराच्या ऊर्जेच्या खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि त्यामागून हाडांना ताणाची चीर येण्याचा धोका असतो. विम्बल्डनने २०२३पासून पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स चालवून घेतली. हा बदल लहान दिसतो, पण खेळाडूच्या डोक्यावरचं एक ओझं त्याने उतरवलं.

प्रश्न: साधी सर्दीची गोळीही घेता येत नाही, हे खरं का?

गोळीत काय आहे त्यावर अवलंबून आहे. सर्दीच्या अनेक औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि सामन्याच्या काळात लघवीत ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं की उत्तेजकविरोधी नियमांचं उल्लंघन ठरतं. घ्यायच्या आधी टूरच्या डॉक्टरांना विचारणं हाच मार्ग. पूरक आहाराच्या आणि झोपेच्या गोळ्यांमध्ये धोका आणखी वेगळा, कारण भेसळ डब्यावर लिहिलेली नसते. २०२४ मध्ये श्वियाँतेकच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं हृदयविकाराचं औषध सापडलं. ते मेलाटोनिनच्या (झोपेसाठीच्या) दूषित गोळ्यांमधून आल्याचं मान्य झालं, तरीही एक महिन्याची बंदी लागलीच. प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा, त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा जपावा आणि चाचणीच्या अर्जावर घेतलेलं सगळं नोंदवावं.

चाचणी गटातल्या खेळाडूला चाचणीसाठी हजर असण्याचा रोजचा एक तास आणि त्या तासाचं ठिकाण आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की तेही उल्लंघन. चूक होते ती मंगळवारी हरून बुधवारी विमानात बसल्यावर, जुन्या हॉटेलचा पत्ता तसाच राहतो तेव्हा. विमानाचं तिकीट काढतानाच पत्ता बदलायचा.

प्रश्न: बाळंतपणानंतर परतताना क्रमवारी शून्यापासून सुरू होते का?

नाही. तिला रजेआधीच्या क्रमांकावर आधारलेली विशेष क्रमवारी मिळते. जन्मानंतरच्या तीन वर्षांत १२ स्पर्धांच्या प्रवेशासाठी ती वापरता येते. मार्च २०२५ मध्ये टूरने १२ महिन्यांपर्यंत पगारी प्रसूतिरजेची योजनाही जाहीर केली. या १२ संधी परतल्यावर लगेच संपवू नयेत. आधी दोन-तीन छोट्या स्पर्धांत अंगात सामने भिनू द्यावेत आणि विशेष क्रमवारी ग्रँड स्लॅम आणि १००० स्पर्धांसाठी राखावी. एका फेरीचे गुण तिथे सर्वांत जास्त मिळतात.