पहिल्यांदाच व्हीगन पॉटलकला जाताय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, पॉटलक म्हणजे ज्याने त्याने घरून एखादा पदार्थ करून आणायचं जेवण, तेव्हा वीस जण येणारेत म्हणून वीस जणांचं करू नका, प्रत्येकजण काहीतरी आणतोच, सात-आठ जणांना चवीपुरतं पुरेल एवढं बास. मी पहिल्या वेळी पातेलंभर मसालेभात नेला आणि पुढचे तीन दिवस घरी तोच खाल्ला 😅

आणि व्हीगनसाठी (म्हणजे मांस, अंडी, दूध-दही-तूप, मध असं प्राण्यांकडून आलेलं काहीच नाही) वेगळं काही शिकायची खरंच गरज नाही हो, भरली वांगी, मटकीची उसळ, थालीपीठ, नारळाच्या दुधाची सोलकढी, हे सगळं आपलंच आहे की. घोळ होतो तो सवयीने. वरून सोडलेलं चमचाभर तूप, कोशिंबिरीतलं दही, काकडीच्या सॅलडमधला मध... हात आपोआप जातो! मी तर एकदा सगळं नीट करून शेवटी पोळ्यांना तूप लावून मोकळी झाले. दह्याऐवजी शेंगदाण्याचं कूट नि लिंबू घाला, कोशिंबीर मस्त लागते.

डब्यावर चिठ्ठी चिकटवाच, त्यात शेंगदाणे, काजू, कांदा-लसूण आहे का ते लिहा, कारण कुणाला अ‍ॅलर्जी असते, कुणी जैन असतं. हिंगसुद्धा लिहा, बऱ्याच डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. वाढायचा चमचा आपलाच न्या, तो तिथे कधीच पुरत नाही.