पाय कुठंयत पक्ष्याचे?

तुझ्या काचेच्या स्वर्गीय पक्ष्याचा फोटो मिळाला, झूम करकरून बघितला. पिसारा मस्त ओढलायस, हात बसलाय आता तुझा, पण पाय कुठंयत? आणि वर मलाच लिहिलंयस की "सर, लोककथेत स्वर्गीय पक्ष्याला पायच नसतात".

ती कथा आधी नीट ऐक. न्यू गिनी बेटाकडचे लोक या पक्ष्याची कातडी विकायला सुकवायचे तेव्हा पाय कापून टाकायचे. मलय व्यापारी त्याला मानुक देवाता म्हणायचे, देवांचे पक्षी (देवाता म्हणजे आपलं देवताच की). १५२२ मधे दर्यावर्दी मॅगेलनच्या मोहिमेतलं, जगाला फेरी मारून आलेलं एकुलतं एक जहाज ही कातडी घेऊन स्पेनला पोचलं आणि मग युरोपात लोकांनी ठरवूनच टाकलं की हा पक्षी कधी जमिनीला टेकत नाही, दव पिऊन हवेतच जगतो. १७५८ मधे जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तर नावच ठेवलं पॅराडिसिया अपोडा, अपोडा म्हणजे बिनपायाचा. म्हणजे कथा त्या बेटांवरची नाहीच, तिथले लोक त्याला झाडावर नाचताना बघत होते, फांदी घट्ट पकडून.

आणि खरं सांगू, तू पाय कथेमुळे गाळलेले नाहीस, तुटतात म्हणून गाळलेस. मी पण गाळायचो. लॅबमधे काचेचे कंडेन्सर आणि फ्लास्क बनवण्यात अख्खी नोकरी काढली मी पण पहिल्या पक्ष्याच्या पायांनी रडवलं, अंग जाड ते गरम राहतं, पाय काडीसारखे ते लगेच गार, आणि परत ज्योतीत नेलं की जोडावर तडा. म्हणून मी आधी काचेची फांदी करतो, पाय आखूड ठेवून फांदीवरच बसवतो आणि मग अंग त्यावर टेकवतो, दोन्ही जोड लाल असताना. त्यानंतर डोकं करत असशील तरी दर थोड्या वेळाने पाय ज्योतीच्या टोकाकडच्या मऊ भागातून फिरवून आणायचे, विसरायचं नाही, फोन वाजला तरी.

अजून एक, पिसारा तू शेपटीला लावलायस. ती पिवळी पिसं शेपटीची नाहीतच, पंखांखालून बरगडीपासून निघतात, शेपटीला दोन लांब तारा असतात. व्हिडिओ बघ ना, पन्नास सापडतील.

पिवळ्या रंगासाठी बांगडीची काच वापरू नको हां. मी एकदा वापरली, स्वस्तात मिळाली म्हणून, बोरोच्या (बोरोसिलिकेट, आपली लॅबवाली काच) अंगावर पिवळी पिसं काय सुंदर दिसत होती! गार होताना बांगडीची काच बोरोच्या जवळपास तिप्पट आकसते हे शिकवायचो मी पोरांना, आणि स्वतःच विसरलो. रात्री जेवताना आतल्या खोलीतून टिक ऐकू आलं, थोड्या वेळाने परत टिक. बायको म्हणाली पाल असेल. सकाळी सगळी पिसं खाली. रंगीत बोरोच्या काड्या महाग पडतात, माहितीये, थोड्याच घे पण त्याच घे.

पक्षी झाला की लगेच किल्नमधे (काच सावकाश गार करायच्या भट्टीत), ५६० डिग्रीच्या आसपास तासभर, मग सावकाश उतरू दे. आणि सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. तू उघडणार हे मला माहितीये, निदान दोनशेच्या खाली आल्यावर तरी उघड.