आईला मेडिकलमध्ये दाखवायचं आहे, नागपुरात स्वस्तात कुठे राहावं?

ताई, तुम्ही आणि आई, दोघीच ब्रह्मपुरीहून येताय, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, दाखवायचं आहे, आठ-दहा दिवस लागतील आणि रेल्वे स्टेशनजवळची लॉज स्वस्त दिसतेय, ती घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. खोली मेडिकलच्या आसपासच बघा, दिवसाला शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी.

मी हनुमाननगरात वाढले. मेडिकल तिथून पायी जाण्यासारखं, त्यामुळे दवाखान्यासाठी गावाकडून येणारी नात्यातली माणसं आमच्याकडेच उतरायची. इतक्या जवळ राहूनही त्यांना थकवायची ती ये-जा. ओपीडीचा केसपेपर काढायला सकाळी लवकर रांगेत लागावं लागतं. डॉक्टरांनी रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी लिहून दिली की प्रत्येकाची रांग वेगळी, आणि रिपोर्ट घ्यायला पुन्हा जायचं. मधे दोन तास मिळाले आणि खोली जवळ असली, तर आईला पाठ टेकता येते, दोन घास खाऊन परत जाता येतं. खोली स्टेशनजवळ असली की मधल्या वेळात कोणीच परत जात नाही. म्हातारं माणूस दिवसभर बाकावर बसून राहतं आणि खोलीत वाचवलेले पैसे ऑटोत जातात. मेट्रो काही मेडिकलच्या दारात जात नाही.

तुम्ही एसटीनं आलात तर गणेशपेठला उतराल. तिथून मेडिकल फार लांब नाही. ऑटोवाल्याला ‘मेडिकल चौक’ एवढंच सांगा. ‘एखादी स्वस्त लॉज दाखवा’ म्हणू नका, कारण गिऱ्हाईक आणून दिल्याचं कमिशन काही लॉजवाले देतात आणि ते शेवटी तुमच्याच भाड्यातून निघतं. मेडिकल चौक, उंटखाना, रामबाग या भागात साध्या लॉज आहेत. हनुमाननगरच्या गल्ल्यांत काही घरमालक रुग्णांच्या नातेवाइकांना दिवसाच्या हिशेबानं खोली देतात. त्यांच्या पाट्या नसतात. चौकातल्या औषधाच्या दुकानात नाहीतर मेसवर विचारा.

जास्त दिवसांची खोली ठरवण्याआधी मात्र एक काम करा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. पहिल्याच दिवशी केसपेपर घेऊन त्यांना भेटा. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळेत जागा आहे का, चिठ्ठी लागते का, किती दिवस राहू देतात, हे त्यांना विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांचंही तिथेच विचारून घ्या. लोक संकोचानं जात नाहीत, आणि मग जिना नाहीतर व्हरांडा गाठतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. विचारण्यात कमीपणा कसला? ती माणसं त्यासाठीच नेमलेली आहेत.

पहिल्या रात्रीपुरतीच खोली ठरवा, सगळ्या दिवसांचे पैसे आधी देऊ नका. अॅपवरचे फोटो पाहून भुलू नका. फोन नंबर शोधून थेट बोला आणि जमलं तर उजेड असताना पोहोचा. खोली आवडली की मग आठवड्याचा भाव विचारा, मालक बहुतेक वेळा कमी करतो. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे आधीच पक्कं करा. रात्री पोहोचून दुसऱ्या दिवशी बाराला दुसरं भाडं लागू झालं तर फुकटचा भुर्दंड.

आईचे गुडघे दुखत असतील तर तळमजला किंवा लिफ्ट आणि कमोड, या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. उन्हाळ्यात येणार असाल तर स्लॅबखालची वरची खोली घेऊच नका. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि ती स्लॅब रात्रभर ताव सोडते. कूलर खिडकीत बसवलेला हवा, बाहेरची हवा ओढणारा. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला कूलर नुसता ओलावा करतो. पावसाळ्यात तर कूलरचा उपयोगच नाही, तेव्हा पंखा चांगला पाहा. डिसेंबर-जानेवारीत गरम पाणी किती वाजता येतं ते विचारा, कारण ओपीडीसाठी तुम्हाला पहाटेच आंघोळ लागेल. दोघीच आहात म्हणून आतली कडी स्वतः लावून बघा आणि इतर कुटुंबं उतरली आहेत का, तेही बघा. ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधारची, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेल्या आधारची, प्रत द्या.

आई भरती झाली तर हिशेब बदलतो. वॉर्डात रात्री तिच्याजवळ तुम्ही असाल, मग खोली आंघोळीपुरती आणि सामानापुरतीच उरते. तेव्हा मोठी खोली सोडा आणि धर्मशाळेतली कॉट नाहीतर लहान खोली घ्या.

हा प्रश्न इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. मेयोला, म्हणजे इंदिरा गांधी सरकारी रुग्णालयात, दाखवायचं असेल तर स्टेशनजवळ, सेंट्रल अॅव्हेन्यूकडे राहणंच बरोबर, मेयो तिथून जवळ आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांसाठी सीताबर्डी बघा, ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांकडे. एम्स शहराबाहेरच्या मिहान भागात आहे. त्यासाठी ऑरेंज लाइनवर कुठेही राहून खापरीपर्यंत मेट्रोनं जाता येतं, पुढे ऑटो करावा लागतो. जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल त्याहूनही बाहेर, वर्धा रोडच्या बाजूला आहे. तिथे शहरातून रोज ये-जा करण्यापेक्षा हॉस्पिटललाच राहण्याचं विचारा. रेडिएशन असेल तर ते बहुधा आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. एवढ्या मुक्कामाला लॉज परवडत नाही, स्वयंपाकाची सोय असलेली महिन्याच्या भाड्याची खोलीच घ्यावी.

तारीख तुमच्या हातात असेल तर दोन वेळा टाळा. एक दसरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि खोली मिळणं कठीण होतं. दुसरी वेळ डिसेंबरातल्या विधिमंडळ अधिवेशनाची. तेव्हा सगळीकडेच भाव चढतात.

आणि आठ-दहा दिवस सलग राहायलाच हवं का, हेही पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. तपासण्या दोन दिवसांत झाल्या आणि पुढची तारीख पाच-सहा दिवसांनी मिळाली, तर गावी जाऊन परत येणं स्वस्त पडेल. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्हा दोघींना सवलत मिळेल. आई पंचाहत्तरच्या पुढची असेल तर तिचा प्रवास मोफत, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा. प्रवास तिला झेपेल का, ते मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. जाताना एक्स-रे आणि रिपोर्ट खोलीवर ठेवू नका, सोबत घेऊन जा.