सांगलीहून लंडनला निघताना

वहिनी, मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून तास काढू नका; त्या ज्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे जानेवारीत दुपारी २ ला उडून संध्याकाळी साडेसहाला उतरलात, तर प्रवास साडेचार नव्हे, १० तासांचा! येताना वारा पाठीशी, तासभर वाचतो.

खरी मेख सांगली-मुंबई रस्त्यात आहे. एकदा खंबाटकी घाटात गाडी दोन तास अडकली, पोराला न्यायची दशमी आम्हीच संपवली. विमानाआधी तीन तास विमानतळावर हवं, तेव्हा रात्रीचं विमान असलं तरी सकाळीच पेठ नाका (आपला सांगलीचा रस्ता महामार्गाला मिळतो तो) सोडा.