ऐतिहासिक युद्धखेळांत हुकूम आणि रसदीचे नियम खरे वाटतात की नुसता वेळ खातात?

पटावरच्या युद्धखेळात हुकूम उशिरा पोचणं, दाणावैरण संपणं असले नियम असले की खेळ खरा होतो की रेंगाळतो, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही होतं. मी एकच बघतो: नियम मला सेनापतीच्या जागी बसवतो की कोठावळ्याच्या?

आम्ही चौघं नाशिकला गंगापूर रोडवर एका मित्राकडे रविवारी खेळतो. गेल्या पावसाळ्यात पानिपतच्या मोहिमेचा खेळ स्वतःच रचला. पहिल्या खेपेला मी हौसेने सगळं मोजायला लावलं. घोड्याला रोज साधारण दहा किलो चारा, म्हणजे चाळीस हजार घोड्यांना चारशे टन. लदणीचा बैल शंभर-सव्वाशे किलो वाहतो, तर नुसत्या वैरणीलाच रोज तीन-चार हजार बैल हवेत. एवढं ओझं कोणी नेऊच शकत नाही. फौज मुलखावर जगते, आणि एका जागी अडकली की आसपासचं रान खाऊन संपवते. हे एकदा कळलं की पुरे. आम्ही मात्र दर डावाला वही उघडत होतो. भाऊसाहेबांच्या बाजूने खेळणारा मित्र तीन तास कॅल्क्युलेटर घेऊन बसला, आणि लढाईचा विचार त्याला एकदाही करता आला नाही.

दुसऱ्या खेपेला तीनच अवस्था ठेवल्या: पोटभर, अर्धपोटी, उपाशी. वाट तुटली की सोंगटी एकेक पायरी खाली येणार, घोडदळ सगळ्यांच्या आधी. भाऊसाहेबांना रसद पोचवणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांची मदत येतेय की नाही, ते फक्त पंचाला ठाऊक. हुकूम चिठ्ठीवर लिहून लखोट्यात घालायचा आणि दोन डाव उलटल्यावरच उघडायचा.

मित्राने कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, धान्य मिळालं, खुशीत होता. यमुनेला भरपूर पाणी आहे म्हणून बागपतच्या उताराकडे, म्हणजे नदी ओलांडायच्या जागेकडे, त्याने लक्षच दिलं नाही. मग शंका आली आणि लखोटा टाकला. उघडला तेव्हा अब्दालीच्या सोंगट्या अलीकडच्या काठावर आलेल्या होत्या, दिल्लीची वाट बंद. ‘बागपतचा उतार धरा’ ही स्वतःच्याच अक्षरातली चिठ्ठी त्याने मोठ्याने वाचली आणि बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली खरोखरच तिथूनच उतरला. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला मराठे उपाशीपोटी लढाईला उभे राहिले. हे सगळं मी शाळेपासून वाचत आलोय, पण ते पोटात कालवल्यासारखं वाटलं ते त्या चिठ्ठीमुळे.

लखोट्याची युक्ती काही आमची नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ पंच मध्ये बसवून, लेखी हुकमांवरच खेळत. दोघंच असाल तर पंच कुठून आणायचा? मग फाशावर पडतील तेवढ्याच तुकड्या हलवा. चालतं, पण मला ते अर्धंच पटतं. खरा उशीर अंतराने, पावसाने आणि हाताखालच्या सरदाराच्या स्वभावाने होतो, फाशाला यातलं काहीच कळत नाही. दोन्ही बाजूंना एकच नियम लावणंही चूक. बाजीरावाची सडी, म्हणजे जड सामानाशिवायची, फौज आणि निजामाचा तोफखाना एकाच वेगाने चालवला तर बाजीरावाने वेगाच्या जोरावर निजामाला कोंडलं ते १७२८ चं पालखेड पटावर घडणारच नाही.

वेढ्याचे खेळ खेळत असाल तर एकदा नाशिकजवळच्या आशेवाडीतून रामशेज किल्ल्यावर चढून या. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. १६८२ पासून मोगलांनी हा किल्ला काही वर्षं वेढला. वरच्या थोड्याशा शिबंदीला ते पाणी पुरे होतं, खालच्या हजारोंना आणि त्यांच्या जनावरांना मात्र रोजचं सगळं बाहेरून आणावं लागे. मी पाहिलेल्या बहुतेक खेळांत भूक फक्त किल्ल्यातल्यांनाच लागते. आमच्या घरच्या नियमांत ती वेढा घालणाऱ्यालाही लागते, तीसुद्धा आधी.