भांग रुंद होत चाललाय, मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध लावते. इंदूरात पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातला भाग टाळूत टोचायचा उपचार, करून घेऊ का?

घ्या, पण केस नुसते बारीक झालेत तिथेच फरक पडतो. गुळगुळीत टाळूवर नाही. रामबागेतल्या माझ्या वहिनीसोबत मी गेले होते. दंडातून रक्त काढलं, यंत्रात फिरवलं. नळीत खाली लाल थर, वर पिवळसर प्लाझ्मा. प्लेटलेटनी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींनी, दाट झालेला तोच भाग बारीक सुईने टाळूत टोचला. कपाळाजवळ फार दुखतं हो! महिन्याच्या अंतराने 3 वेळा, मग अधूनमधून. चौथ्या महिन्यात तिचा भांग जरा भरलेला वाटला. मिनॉक्सिडिल मात्र सोडू नका, आनुवंशिक गळती पीआरपीने कायमची थांबत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि सुई, नळी तुमच्यासमोर नवी फोडायला लावा. यात भीड अजिबात नको.